‘त्यांना मलेरियाची सवय असते’ म्हणजे नेमकं काय?

नायजेरिया, केनिया, युगांडा, टांझानिया... आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी तिकडे नोकरीला किंवा प्रोजेक्टवर गेलेलं असतं. उलट दिशेने, हैदराबादेत शिकायला येणारे आफ्रिकन विद्यार्थीही आता आपल्याला नवे नाहीत. या दोन्हींच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तिकडच्या लोकांना मलेरियाचं काही वाटत नाही हो, त्यांना सवय असते.’

एरवी या सदरात मी मोबाइल, पासवर्ड आणि एआय यांवर लिहितो. पण हे वाक्य बरेच दिवस डोक्यात होतं, म्हणून या महिन्यात त्यामागचं संशोधन वाचलं. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचा सल्ला देणार नाही. पण हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याचा खोटा अर्धा भाग लोकांच्या जिवावर बेतू शकतो, एवढं नक्की सांगू शकतो.

आधी आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले. आणि त्या मृतांमध्ये चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं.

म्हणजे ‘सवय’ कुणाला झाली? जी जगली त्यांना. ऑफिसात किंवा कॉलेजात आपल्याला भेटणारा धडधाकट आफ्रिकन तरुण लहानपणी या सगळ्यातून पार पडलेला असतो. जी पार पडली नाहीत ती मुलं आपल्याला भेटत नाहीत, त्यामुळे आपल्या हिशेबातही येत नाहीत. डेटावर काम करणाऱ्यांना ही चूक ओळखीची वाटेल: जे सर्व्हर चालू आहेत त्यांचेच लॉग बघून सगळं ठीक आहे असं ठरवायचं!

या प्रतिकारशक्तीचे दोन भाग आहेत. एक जन्माने मिळालेला, दुसरा आयुष्यात कमावलेला.

जन्माने मिळालेल्या भागाची गोष्ट केनियात सुरू होते. अँथनी अ‍ॅलिसन हा केनियात वाढलेला इंग्रज मुलगा ऑक्सफर्डला वैद्यक शिकत होता. १९४९ मध्ये एका मोहिमेबरोबर तो केनियाला परतला आणि वेगवेगळ्या जमातींच्या लोकांचं रक्त तपासू लागला. त्याच्या लक्षात आलं की समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास सिकलसेलचा गुण शंभरात वीसहून अधिक लोकांत सापडतो, आणि उंच डोंगराळ भागात जवळजवळ नसतोच. सखल भागात डास आणि मलेरिया, डोंगरात दोन्ही कमी. १९५४ मध्ये त्याने पुराव्यासह मांडलं की हा गुण मलेरियापासून वाचवतो.

यामागचं कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन पटेल असं आहे. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं असतं. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून ही बदललेली प्रत आली तर माणूस बहुधा निरोगी राहतो आणि गंभीर मलेरियाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. पण दोघांकडूनही तीच प्रत आली तर सिकलसेलचा आजार होतो: तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. वेळेवर निदान आणि उपचार न मिळालेली अशी मुलं आफ्रिकेत अनेकदा पाच वर्षंही गाठत नाहीत. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात हा धोका चारात एक. म्हणजे निसर्गाने एका मुलाला दिलेल्या संरक्षणाची किंमत दुसऱ्या मुलाने मोजली.

हा प्रश्न फक्त तिकडचा नाही. विदर्भ, नंदुरबार, झाबुआ, गुजरातचा आदिवासी पट्टा आणि आपल्याजवळचं आदिलाबाद इथेही हाच बदल सापडतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. लग्नाआधी एक साधी रक्ततपासणी करून घेतली तर पुढचा त्रास ओळखता येतो.

दुसरं उदाहरण आणखी नवलाचं. आपल्याकडे सर्रास दिसणारा व्हायवॅक्स जातीचा मलेरिया पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत फारसा का नाही, हे कोडं अमेरिकन संशोधक लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सोडवलं. व्हायवॅक्स तांबड्या पेशीत शिरताना पेशीवरच्या ‘डफी’ नावाच्या प्रथिनाचा दरवाजासारखा उपयोग करतो. तिथल्या जवळजवळ सगळ्या लोकांच्या तांबड्या पेशींवर हा दरवाजाच नसतो! पण हेही कुलूप पक्कं नाही. मादागास्करमध्ये डफी नसलेल्या लोकांनाही व्हायवॅक्स झाल्याचं २०१० मध्ये दिसून आलं. शिवाय आफ्रिकेत बहुतेक जीव घेतो तो फाल्सिपेरम जातीचा मलेरिया, आणि त्याला या दरवाजाची गरजच लागत नाही.

आता कमावलेला भाग. मलेरियाच्या पट्ट्यात जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने आईकडून थोडं संरक्षण मिळतं. मग खरा काळ सुरू होतो. वारंवार ताप येतो. जगलेल्या मुलाला आधी गंभीर आजारापासून संरक्षण मिळतं, मग हळूहळू साध्या तापापासून. मोठेपणी रक्तात परजीवी असूनही माणूस कामावर जाऊ शकतो. पण परजीवी शरीरात येऊच नये अशी प्रतिकारशक्ती मात्र जवळपास कधीच मिळत नाही. गोवर एकदा झाला की सुटलो, तसं इथे नाही.

याला इतका वेळ का लागतो? कारण फाल्सिपेरम चेहरा बदलतो. तांबड्या पेशीत शिरल्यावर तो तिच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन लावतो, त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेच्या गाळणीत सापडत नाही. या प्रथिनाचे सुमारे ६० नमुने त्याच्या जनुकांत साठवलेले असतात. शरीर एक ओळखायला शिकलं की हा दुसरा काढतो. शिवाय प्रत्येक वाणाचे साठ वेगळे. अँटिव्हायरसला रोज नवी फाइल दिसावी तसा हा प्रकार. लहान मूल त्यातले पुरेसे नमुने ओळखायला शिकेपर्यंत वर्षं जातात.

ही कमावलेली ताकद रक्तात नेमकी कुठे असते, हे गांबियात कळलं. १९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातून अँटिबॉडीज वेगळ्या काढल्या आणि मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचल्या. मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या प्रौढांच्या अँटिबॉडीज पूर्व आफ्रिकेतल्या मुलांनाही उपयोगी पडल्या. म्हणजे ही ताकद एकाकडून दुसऱ्याला देता येते हे सिद्ध झालं.

पण ती कायमची नसते, आणि इथेच ‘सवय’ हा शब्द धोक्याचा ठरतो.

एक उदाहरण गरोदरपणाचं. वयाच्या विशीत मलेरियाला दाद न देणारी स्त्री पहिल्या बाळंतपणात पुन्हा आजारी पडते. १९९६ मध्ये पश्चिम केनियात मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी यामागचं कारण दाखवलं: वारेत एक वेगळा पदार्थ असतो आणि त्याला चिकटणारे परजीवी वेगळा मुखवटा घालतात. हा मुखवटा तिच्या शरीराने पूर्वी कधी पाहिलेलाच नसतो, कारण वारच नव्हती. परिणाम म्हणजे आईला रक्तक्षय आणि बाळाचं वजन कमी. एकदोन बाळंतपणांनंतर हेही संरक्षण येतं, पण पहिल्या बाळाला त्याचा उपयोग नसतो.

दुसरं उदाहरण गाव सोडून गेलेल्यांचं. मलेरियाच्या भागाबाहेर काही वर्षं राहिलं की कमावलेली ताकद ओसरते. लंडन-पॅरिसला स्थायिक झालेली आफ्रिकन कुटुंबं सुट्टीत गावी जातात, ‘आम्ही तर तिथलेच’ म्हणून गोळ्या घेत नाहीत, आणि परतल्यावर आजारी पडतात. युरोपातल्या मलेरियाच्या रुग्णांत असे लोक मोठ्या संख्येने असतात. त्यांची तिथे जन्मलेली मुलं तर पूर्ण कोरी. आपल्याकडे चार वर्षं शिकून लागोसला किंवा कंपालाला परत जाणाऱ्या मित्रालाही हे लागू पडू शकतं.

या सगळ्या अभ्यासाचा उपयोग काय झाला? आपल्या शहराच्या दृष्टीने ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. बेगमपेठेवरून जाताना ती जुनी इमारत अनेकांनी पाहिली असेल. डास चावताना परजीवीचं जे रूप आपल्या शरीरात सोडतो, नेमक्या त्याच रूपावर आजच्या दोन्ही लसी नेम धरतात. नैसर्गिक प्रतिकारशक्ती मुख्यतः नंतरच्या, रक्तातल्या टप्प्यावर लढते. तिथे साठ मुखवट्यांशी झुंजत बसण्यापेक्षा लसीने दारातच अडवायचा प्रयत्न केला.

पहिल्या लसीची, आरटीएस-एसची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. तिचं तंत्रज्ञान हैदराबादच्याच भारत बायोटेककडे सोपवलं जात आहे. दुसरी, आर-२१, ऑक्सफर्डने तयार केली, बुर्किना फासोतल्या नानोरो इथल्या मुलांमध्ये तिची महत्त्वाची चाचणी झाली आणि ती बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिची शिफारस २०२३ मध्ये झाली. या लसी पूर्ण कवच नाहीत: आरटीएस-एसच्या मोठ्या चाचणीत चार डोस घेतलेल्या मुलांमध्ये चार वर्षांत मलेरिया ३६ टक्क्यांनी कमी झाला. आकडा छोटा वाटेल, पण घाना, केनिया आणि मलावीत ही लस दिली तेव्हा लसीच्या वयातल्या मुलांचे एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. मच्छरदाणी आणि औषधं अर्थातच चालू ठेवावी लागतात.

आणि गांबियातली ती कल्पना? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत बनवलेली एकच अँटिबॉडी प्रौढांना एकदा दिली होती. मोठा डोस घेतलेल्यांना सहा महिन्यांच्या मलेरियाच्या हंगामात संसर्गापासून ८८ टक्के संरक्षण मिळालं. साठ वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या रक्तातून गाळून घेतलेली गोष्ट आता कुपीत भरता येते.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल, तर निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. भारतात लहानपणी एखाददुसरा मलेरिया झाला म्हणून तिथे संरक्षण मिळेल असं समजू नका. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर पहिल्याच भेटीत ‘मी आफ्रिकेत होतो’ हे डॉक्टरांना सांगा, कारण फाल्सिपेरममध्ये दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो. आणि वर्गातला एखादा आफ्रिकन मित्र सुट्टीत घरी निघाला असेल, तर त्यालाही गोळ्यांची आठवण करा. तो हसून म्हणेल, ‘अरे, मी तिथलाच आहे.’ त्याला विचारा, शेवटचा मलेरिया कधी झाला होता?

आपल्यापैकी जे आफ्रिकेत राहून आलेत, त्यांनी आपले अनुभव संपादकांकडे जरूर पाठवा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोबाइलकडे वळू.