सेल्फ मारला की नुसती ‘टक्’

सकाळचे पावणेआठ. साडेआठला बाणेरला मुलाखत घ्यायचीय, बाहेर धो धो पाऊस आणि गाडी म्हणतेय फक्त ‘टक्’. बाबांची जुनी गाडी ज्यांच्याकडे ‘वारसाहक्कानं’ आलीये, त्यांना हा आवाज पाठ असेल!

आमच्याकडे गाडी रुसली की एकच पत्ता. कोथरूडचं गॅरेज आणि तिथले काका. बाबांची आणि त्यांची दोस्ती वीस वर्षांची. काकांनी एक सेल्फ मारला आणि निकाल दिला, ‘‘बॅटरी गेली गं बाळा.’’ नवी बॅटरी, जुनी एक्स्चेंजमध्ये, बिल ५२०० रुपये. माझी दोन पेमेंट्स तेव्हा ‘प्रोसेसमध्ये’ होती. फ्रीलान्सर मंडळी समजून घेतील.

नऊ दिवस गाडी एकदम मक्खन. दहाव्या दिवशी पुन्हा ‘टक्’. काका फोनवरच म्हणाले, ‘‘मग सेल्फची मोटर. साडेआठ हजार धर.’’

इथे माझी ट्यूब पेटली. गाडी ‘टक्’ करत असताना हेडलाइट मात्र लख्ख होते. पहिल्या दिवशीही होते. बॅटरी मेलेली असती तर आधी दिवे मिणमिणले नसते का?

सोसायटीच्या वॉचमनकडून धक्का मारून घेतला आणि थेट नाना पेठेत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्यानं मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनला. ‘‘ताई, सेल्फ मारा.’’ काटा नव्हता, आकडा होता : २.३. ‘‘हा अर्ध्याच्या आत पाहिजे. अर्थिंग गेलंय.’’ बॅटरीतून इंजिनकडे जाणारी जाड वायर टोकाला गंजून हिरवी पडली होती. बॅटरी बदलताना ती हलली, तात्पुरती चिकटली, म्हणून ते नऊ सुखाचे दिवस! घासून, नवं टोक लावून खर्च झाला २५० रुपये.

बाबा म्हणाले, ‘‘जाऊ दे ना, संबंध बिघडतील.’’ संबंध त्यांचे, पैसे माझे. गेले.

गंजलेलं टोक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘‘काका, माझी जुनी बॅटरी आहे का अजून?’’ होती, मागे कोपऱ्यात. पोऱ्यानं आणून मीटर लावला. १२.५. मग लोड टेस्टर. तिथेही पास. काका चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.

‘‘पावसाळ्यात दिवसाला चार बॅटऱ्या येतात गं. बघितलंच नाही मी.’’

नवी त्यांनी परत घेतली, वापरलेली म्हणून ७०० कापले. त्यावर मी घासाघीस केली नाही. (केली असती तर बाबांनी मला घरात घेतलं नसतं.)

रात्री काकांचा बाबांना फोन. पंधरा मिनिटं क्रिकेट झालं. फोन ठेवताना बाबा म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला तूच ने म्हणतोय.’’