विश्लेषण : हातावर नारळ उभा राहिला, मग बोअर कोरडे का गेले?

पाऊस लांबला की सोलापूर जिल्ह्यात दोन गाड्यांची वाट पाहिली जाते. एक टँकर आणि दुसरी बोअरची गाडी. ही दुसरी गाडी शिवारात येण्याआधी एक माणूस येऊन जागा दाखवून गेलेला असतो, तो म्हणजे पाणाड्या. माळशिरस तालुक्यातील वेळापूर आणि भोवतालच्या गावांत ही पद्धत जुनीच आहे. पण आता बोअरचा खर्च वाढला आहे, पाणी खोल गेले आहे आणि नारळाच्या जोडीला यंत्रेही आली आहेत. या पद्धतीला आधार किती, तिची तपासणी कधी झाली का आणि जादूटोणाविरोधी कायद्याने तिला मोकळीक का दिली, याचा हा आढावा.

पाणाड्या नेमके काय करतो?

कोणी तळहातावर आडवा नारळ ठेवून रानातून चालतो. पाण्याच्या जागी तो उभा राहतो, असे सांगितले जाते. कोणी कडुलिंबाची किंवा उंबराची बेचकी दोन्ही हातांत ताणून धरतो, तर कोणी तांब्याच्या दोन वाकवलेल्या तारा. काही भागांत पायाळू माणसाला मान असतो, तर अलीकडे ‘ओ’ रक्तगटाच्याच माणसाला नारळ साथ देतो, अशी नवी भर पडली आहे. रक्तगटांचा शोध १९०० च्या सुमाराचा, म्हणजे ही ‘परंपरा’ फारशी जुनी असू शकत नाही.

ही प्रथा आपलीच आहे, असेही नाही. जमिनीतले धातू शोधण्यासाठी बेचकी घेऊन फिरणाऱ्या माणसांचे चित्र जर्मन अभ्यासक अग्रिकोला याच्या १५५६ मधील खाणकामावरील ग्रंथात आहे. आपल्याकडे सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचे प्रकरण भूजलावर आहे. पण ते मुख्यतः झाडे, वारुळे, माती आणि दगड यांच्या खुणांवर उभे आहे. ती सगळी निरीक्षणे बरोबर आहेत असे नव्हे, पण ती पडताळून पाहता येतात. नारळाबाबत ती सोय नाही.

वेळापूरच्या जमिनीखाली काय आहे?

पाणाड्याच्या बोलण्यात ‘झरा’ हा शब्द वारंवार येतो. जमिनीखाली नळासारखी पाण्याची धार वाहते आणि तिच्यावर नेमके भोक पडले तर पाणी, हातभर चुकले तर कोरडे, असे त्याचे चित्र असते. सोलापूर जिल्ह्याच्या पोटातला खडक मात्र दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ साठत नाही. ते साठते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, भेगांमध्ये, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या थरात आणि दोन थरांच्या सांध्यात.

याचे दोन अर्थ निघतात. एक, वरच्या मुरमाच्या पट्ट्यात पाणी पसरलेले असते. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी किंवा सखल रानात कुठेही खणले तरी ओल लागण्याची शक्यता मोठी. दोन, खोल गेल्यावर सगळा खेळ भेगांचा. तिथे शेजारच्या बोअरला पाणी आणि आपले कोरडे, हे खरोखर घडते. त्यामुळे ‘हातभर चुकले’ हा अनुभव पूर्ण खोटा नाही. खोटे आहे ते एवढेच, की ती भेग वरून नारळाला कळते.

मग इतक्या वेळा पाणी लागते ते कसे?

पाणाड्यांवरील विश्वासाचे मूळ इथेच आहे, आणि शंका घेणाऱ्यांनी या प्रश्नाला अनेकदा बगल दिली आहे. ‘आमच्या पाणाड्याने दाखवलेल्या दहापैकी सात ठिकाणी पाणी लागले’, असे शेतकरी सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण प्रश्न वेगळा आहे. त्याच शिवारात डोळे मिटून दहा जागा निवडल्या असत्या, तर कितींना पाणी लागले असते? तेही सात असेल, तर नारळाचा वाटा शून्य. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याखालचे रान आणि कालव्याच्या पाण्यापासून वंचित राहिलेले रान यांत मोठा फरक आहे. कालव्याच्या पाझरावर जगणाऱ्या शिवारात नाव कमावणे सोपे, माळरानावर अवघड. म्हणून पाणाड्याची परीक्षा ‘पाणी कुठे आहे’ या प्रश्नाने होतच नाही. ‘पाणी कुठे नाही ते दाखवा आणि तिथेही बोअर मारून पाहू’ असे म्हटले तरच होते. तेवढा खर्च कोण करणार?

शिवाय पाणाडी नुसता नारळाकडे पाहत नसतो. त्याने शेकडो रानं पाहिलेली असतात. उतार कुठे, ओढा कुठे, कुठल्या बांधावरचे उंबर उन्हाळ्यातही हिरवे, शेजारच्या विहिरीला किती पुरुष पाणी, हे त्याला चालता चालता दिसते. तो खरा जाणकार असेलही. श्रेय मात्र नारळाला जाते.

आणि पाणी लागले नाही तर? ‘अजून पन्नास फूट जायला हवे होते’, ‘गाडीच्या धक्क्याने झरा सरकला’, ‘जागा दाखवली तिथून गाडी जरा बाजूला लावली’. यातले कुठलेही कारण तपासता येत नाही, म्हणूनच ते टिकते. बोअरचे पैसे फुटावर असतात, खोली वाढेल तसा दर चढतो आणि केसिंगचे वेगळे. पाणाड्याला दक्षिणा मिळालेली असते, गाडीवाल्याला फुटाचे पैसे मिळतात. कोरड्या बोअरचा तोटा सोसतो तो एकटा शेतकरी, आणि बहुतेकदा उसनवारी किंवा सावकारी करून. ‘अजून पन्नास फूट’ हा सल्ला कुणाच्या खिशातून येतो, हे विचारायला हवे.

नारळ खरोखरच उभा राहतो, तो कशामुळे?

राहतो हे खरे, आणि धरणारा बहुतेकदा लबाडीही करत नसतो. आडवा नारळ किंवा ताणलेली बेचकी ही अस्थिर अवस्थेत धरलेली वस्तू आहे. मनगटाच्या कळत-नकळत झालेल्या हालचालीने ती फिरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३३ मध्ये हेच लंबकाबाबत दाखवले. डोळ्यांवर पट्टी बांधली की लंबकाचे ‘उत्तर देणे’ बंद होत असे. इंग्लंडमधील कार्पेंटर याने १८५२ मध्ये या नकळत होणाऱ्या हालचालींना नाव दिले आणि मनातली कल्पनाच स्नायूंना हलवते असे स्पष्टीकरण मांडले. ज्याला ओढ्याकाठी पाणी असेल असे वाटते, त्याचा नारळ ओढ्याकाठी उभा राहतो.

याची चाचणी कोणी घेतली आहे का?

सर्वांत मोठी चाचणी म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये झाली. जवळपास ५०० जणांतून ४३ निवडले गेले. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याची नळी इकडून तिकडे सरकवायची आणि वरच्या मजल्यावरून तिची जागा ओळखायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच मान्य केले की बहुतेकांना काही जमले नाही, पण मोजक्या काही जणांत खरे कसब दिसते, असा दावा केला. अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. सर्वोत्तम ठरलेल्या माणसापेक्षा दर वेळी मधोमध बोट ठेवणाऱ्याची कामगिरी जवळपास तेवढीच झाली असती, असे दिसले.

पाणी वाहते असेल तरच कळते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर १९९० मध्ये जर्मनीतीलच कासेल येथे मिळाले. तिथे पुरलेल्या नळीतून पाणी कधी सोडले, कधी बंद ठेवले. अटी मान्य आहेत, आपल्याला ओळखता येईल, असे ३० पाणाड्यांनी आधी सांगितले होते. निकाल नाणेफेकीइतकाच लागला. तरीही ही पद्धत ‘अडाणी’ माणसांचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील १२ पैकी १० पाणीपुरवठा कंपन्यांचे कर्मचारी गळती शोधायला तारा वापरतात, हे २०१७ मध्ये उघड झाले होते.

यंत्र असेल तर भरवसा ठेवावा?

हल्ली नारळाऐवजी अँटेना असलेली पेटी घेऊन फिरणारे आले आहेत. पडद्यावर आकडे, सोबत छापील अहवाल आणि फीही त्याच हिशेबाने. इथे एक परदेशी प्रकरण आठवावे. ‘एडीई ६५१’ नावाचे बॉम्बशोधक यंत्र इराकला मोठ्या संख्येने विकले गेले. एका मुठीवर फिरणारी अँटेना एवढाच तो ऐवज होता. तत्त्व बेचकीचेच. ते नाक्यानाक्यावर वापरले गेले आणि बॉम्ब निसटत राहिले. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. पडदा आणि तारा जोडल्या म्हणजे विज्ञान होत नाही.

खरी भूभौतिक तपासणी वेगळी असते. जमिनीत सळ्या रोवून वीजप्रवाह सोडला जातो आणि खडक त्याला किती विरोध करतो ते मोजले जाते. ओला, झिजलेला खडक विरोध कमी करतो, अखंड पाषाण जास्त. यातही चूक होते, आणि प्रामाणिक भूवैज्ञानिक ती शक्यता आधी सांगतो. ‘शंभर टक्के पाणी’ अशी हमी देणारा यंत्रवाला असेल तर तेवढ्यावरच सावध व्हावे.

विज्ञानालाही हीच कसोटी लावायची का?

लावायलाच हवी, आणि याचे चांगले उदाहरण सोलापुरातच आहे. कृत्रिम पावसाचे प्रयोग राज्यात अनेक वर्षे होत आले. विमान उडाले, पाऊस पडला, म्हणजे प्रयोग यशस्वी, असे दावे झाले. हा दावा नारळाच्याच जातीचा होता, कारण विमान उडाले नसते तरी पाऊस पडला असता का, याचे उत्तर त्यात नव्हते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला प्रयोग केला. कुठल्या ढगात कॅल्शियम क्लोराइडची फवारणी करायची आणि कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला : सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. हा आकडा छोटा आहे आणि ढगच नसतील तर शून्य. दुष्काळ हटवण्याच्या घोषणेला तो पुरत नाही. पण तो तपासून मिळालेला आकडा आहे.

कायद्याने सूट का दिली?

वेळापूरला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे आहे. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. याच भागातून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, या श्रद्धेने वारकरी इथे धावा करतात. जादूटोणाविरोधी विधेयकाला सर्वांत मोठा विरोध झाला तो याच वारीच्या नावाने. कायदा आला तर वारी, कीर्तन, माळ घालणे यांवर बंदी येईल, असा प्रचार गावोगाव झाला. विधेयकात देव किंवा धर्म यांविरुद्ध काही नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे सांगत राहिले. तुकोबांनी नवससायासांवर ओढलेले कोरडे आणि नाथांच्या भारुडांतील थट्टा ज्या संप्रदायाने जपली, त्यालाच या विधेयकाची भीती घातली गेली, हा यातला सर्वांत खेदजनक भाग.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. हत्येप्रकरणी १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकारच्या कृत्यांची नोंद आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मात्र मंजुरीसाठी झालेल्या तडजोडींत सवलतींची यादीही जोडली गेली. वारी, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन यांना सूट मिळाली, ती योग्यच होती, कारण त्यांचा मुळात संबंधच नव्हता. त्याच यादीत वास्तुशास्त्र आणि ज्योतिषाच्या सल्ल्यासोबत भूगर्भातील पाण्याबाबतचा सल्लाही बसला. पाणाड्याला तुरुंगात टाकावे, अशी मागणी कुणी शहाणा करणार नाही. पण श्रद्धेच्या आचारांच्या पंगतीत पैसे घेऊन केलेले भाकीत बसवल्याने, त्याला जाब विचारणे म्हणजे धर्मावर बोट ठेवणे, असा समज बळावला.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

पाणाड्याकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला हसण्यात अर्थ नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात आहे. पण तिचा भूवैज्ञानिक बांधावर येईपर्यंत हंगाम निघून जाऊ शकतो, पाणाडी मात्र संध्याकाळी येतो. भावाभावांत ‘बोअर कुणाच्या हिश्श्यात’ हा वादही नारळ मिटवतो. यंत्रणा जोवर तितकी जवळ येत नाही, तोवर ही जागा रिकामी राहणार नाही.

गावाला स्वतः करता येण्याजोगी चाचणी मात्र स्वस्त आहे. दहा पिंपे झाकून ठेवायची. प्रत्येकात पाणी भरायचे की नाही ते नाणे उडवून ठरवायचे आणि भरणाऱ्याने तिथे थांबायचे नाही. पाणाड्याने आधी अट मान्य करायची. नुसत्या अंदाजाने दहाही बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. त्याहून उपयोगी आहे ती ग्रामपंचायतीतली एक वही : बोअर कुठल्या गटात, जागा कोणी दाखवली, किती फुटांवर कुठला खडक, पाणी किती आणि पुढच्या मे महिन्यात ते टिकले का. कोरड्या बोअरचीही नोंद त्यात हवी, कारण आज गावाच्या आठवणीत फक्त पाणी लागलेलीच बोअर उरतात.