रॅलीची सुरुवात डावीकडून

घाटात ज्याच्या पुढे कोणी जाऊ शकत नाही, त्याला आपल्याकडे मित्रमंडळी ताबडतोब ‘रॅली ड्रायव्हर’ करून टाकतात. वरंध्यात, ताम्हिणीत, माळशेजला सुट्टीच्या पहाटे असे भाऊ पुष्कळ भेटतात. डॅशबोर्डवर मोबाइल चिकटवलेला, वळणावर टायर किंचाळत असलेले, आणि व्हिडिओखाली शाबासकी: ‘तू रॅलीत उतरच!’ भाऊंनी खरंच मनावर घेतलं, की दुसरा सल्ला हजर असतो: आधी गाडी बनवून घे. हे दोन्ही सल्ले मला साफ चुकीचे वाटतात. नवख्याने रॅलीत शिरावं ते गाडीच्या डाव्या दाराने, म्हणजे नेव्हिगेटर होऊन. स्टिअरिंग मागाहून.

घाटाची गोष्ट आधी घेऊ. ओळखीचा घाट वेगात उतरणाऱ्याला तो घाट पाठ असतो, हे त्याच्या वेगाचं मुख्य कारण. रॅलीत पाठांतराची सोय नाही. ज्या बंद रस्त्यावर वेळ मोजून गाडी पळवायची, ती ‘स्टेज’ स्पर्धेआधी साधारणपणे दोनदाच पाहायला मिळते, आणि तीही मर्यादित वेगाने. या पाहणीला रेकी म्हणतात. ड्रायव्हर वळणाची तीव्रता आकड्यात सांगतो, शेजारचा लिहून घेतो: उजवं चार, पुढे आवळतं, साठ मीटर, माथा, लगेच डावं दोन. स्पर्धेच्या दिवशी शेजारचा या नोट्स मोठ्याने वाचत जातो, आणि माथ्यापलीकडचं काही दिसत नसताना ड्रायव्हर त्या आवाजाच्या भरवशावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो. डोळ्यांआधी कानावर विश्वास ठेवायची ही सवय घाटात एकट्याने गाडी पळवून कुठून लागणार?

शिवाय सगळी रॅली स्टेजवर होत नाही. एका स्टेजहून दुसरीकडे जाताना तीच गाडी रहदारीच्या रस्त्याने, सिग्नल पाळत, ट्रॅक्टरच्या मागून जाते, आणि ठरलेल्या मिनिटाला टाइम कंट्रोलवर हजर व्हावी लागते. जागतिक अजिंक्यपद रॅलीचा नियम असा, की उशीर झाला तर मिनिटामागे 10 सेकंदांचा दंड, आणि लवकर पोहोचलात तर मिनिटामागे पूर्ण एक मिनिट. म्हणजे घाईची शिक्षा उशिराच्या सहापट. ज्याला ‘लवकर पोहोचलो’ हे भूषण वाटतं त्याने हा नियम दोनदा वाचावा. आणि सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समोरून येणाऱ्या एस.टी.तल्या माणसांचा विचार कायद्याच्या आधी यायला हवा, ते सोडा.

आता गाडी बनवण्याचा सल्ला. रोल केज, रेसिंग सीट, अनेक पट्ट्यांचे बेल्ट, मानेला आधार देणारं उपकरण, सस्पेन्शन, खालचं संरक्षक कवच, अग्निशामक, शिवाय टायर आणि मेकॅनिक. स्टेज रॅलीला यातलं फारसं काही टाळता येत नाही. खेळ महाग आहे हा आक्षेप मी खोडत नाही, तो खराच आहे. माझा मुद्दा क्रमाचा आहे. स्वतःला या खेळात नेमकं काय आवडतं हेच ठाऊक नसताना घरची गाडी कापून तिच्यात पिंजरा जोडणारे पुढे ती गाडी विकायला काढतात, आणि तसली गाडी घ्यायला सहसा कोणी येत नाही. त्यात आपल्या साध्या वाहन विम्यात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ यांना संरक्षण नाही. ती ओळ फार थोडे लोक वाचतात.

कोणी म्हणेल, रॅलीतले जगज्जेते सेबास्टियन लोएब आणि सेबास्टियन ओजिए यांनी कुठे दुसऱ्याच्या शेजारी बसून सुरुवात केली? नाही केली. पण दोघांच्याही वाटेत स्वतः बनवलेली महागडी गाडी नव्हती, ‘रॅली ज्यून’ होती: फ्रेंच महासंघाची निवड योजना, जिथे सामान्य घरातल्या तरुणाला आयत्या गाडीत बसवून पारखत. लोएब इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला, ओजिए बर्फावर स्की शिकवणारा. तशी शिडी आपल्याकडे असती तर मी हा लेख वेगळा लिहिला असता. ती नाही, म्हणून आपल्या परिस्थितीत स्वस्त शिडी कोणती ते पाहायचं.

ती शिडी म्हणजे टीएसडी, वेळ-वेग-अंतराची रॅली. घरची गाडी, रहदारीचा रस्ता, मर्यादेतला वेग. हातात रोडबुक येतं. त्यात प्रत्येक फाट्याची बाणाची आकृती, त्याचं अंतर, आणि कुठून कुठवर किती सरासरी वेग ठेवायचा त्याचा तक्ता. कंट्रोल कुठे लपवलेत हे सांगत नाहीत. समजा वेग दिला ताशी 36 किलोमीटर. म्हणजे सेकंदाला 10 मीटर, किलोमीटरला 100 सेकंद. 5.4 किलोमीटरवरच्या देवळाशी बरोबर नऊ मिनिटांनी असायला हवं. वाटेत म्हशी आडव्या आल्या, 40 सेकंद गेले. ते पुढे कुठे आणि किती हळूहळू भरून काढायचे, हे ड्रायव्हरला सांगायचं काम नेव्हिगेटरचं. त्याहून मोठा घोळ मीटरचा. तुमच्या गाडीचा मीटर आयोजकांच्या मीटरशी जुळत नाही. दोन टक्क्यांचा फरक धरला तरी 50 किलोमीटरमागे एक किलोमीटर होतो, म्हणजे वरच्या वेगाने 100 सेकंद! म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही मीटर ताडून गुणक काढतात आणि दिवसभर प्रत्येक अंतर त्याने गुणतात. धूळ, उलटीची उमळ आणि मांडीवर नाचणारा कागद सांभाळून हा गुणाकार ज्याला जमला, त्याला रॅली कशाशी खातात ते कळलं.

‘हा तर त्रैराशिकाचा तास झाला,’ असा एक नाराजीचा सूर नेहमी निघतो, आणि शेजारी बसणं म्हणजे दुय्यम भूमिका, असाही. जागतिक मालिकेत सहचालकाचं अजिंक्यपद स्वतंत्र आहे. लोएबने 2004 ते 2012 अशी नऊ विजेतेपदं मिळवली, तेव्हा शेजारच्या दानिएल एलेनानेही नऊच मिळवली. झाँ तॉद सहचालक होते. पुढे त्यांनी प्युजो आणि फेरारीचे संघ चालवले आणि 2009 ते 2021 जागतिक महासंघाचं अध्यक्षपद भूषवलं. आपल्याकडे कासरगोडच्या मूसा शरीफ यांची सारी ओळख त्या डाव्या आसनावरून आहे. आणि मिशेल मूतों? 1973 च्या सुमारास ती दुसऱ्याच्या गाडीत नोट्स वाचत होती. स्वतः चालवून बघ म्हणत वडिलांनी तिला एक अल्पाइन गाडी आणि एक हंगाम दिला. जागतिक मालिकेतल्या चार रॅली तिने जिंकल्या, आणि 1982 मध्ये एकूण क्रमवारीत ती दुसरी आली. 2011 च्या जॉर्डन रॅलीत पहिल्या दोघांत शेवटी 0.2 सेकंदांचं अंतर होतं. तेवढं अंतर नोट वाचायला अर्धा श्वास उशीर झाला तरी पडतं.

टीएसडीमध्ये सुट्या मातीवर घसरणारी गाडी सावरायला शिकता येत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी ऑटोक्रॉस आहे: बंद मैदान, शंकू लावून आखलेली वाट, एका वेळी एकच गाडी. तिथे गाडी फिरली तर शंकू आडवे होतात, बाकी काही नाही. एखादा हंगाम शेजारी बसून झाल्यावर तिकडे वळावं. एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न क्लब अशा स्पर्धा घेतात. ते नेहमी मार्शल शोधत असतात, आणि मार्शलला स्टेजच्या आतून रॅली फुकट पाहायला मिळते. पहिल्या फोनवर आपल्याकडे कोणती गाडी आहे हे सांगू नये. टाइम कंट्रोलवर माणूस कमी आहे का, एवढंच विचारावं.