मैफली वेगळ्या, गाऱ्हाणे एकच

हुबळीच्या केशवापुरातून कुंदगोळ आणि धारवाड दोन्ही जवळच. सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या या टापूत संगीत मंडळांनी एका टेबलाशी बसायला हवे. एका संध्याकाळी दोन मैफली ठेवून श्रोते वाटून घेण्यात कसली हौस?

एकत्र येण्याला दाखला जुना आहे. विष्णू दिगंबर पलुसकर १९३१ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. विखुरलेल्या संगीतशाळांना समान अभ्यासक्रम व परीक्षा मिळाल्या. (परीक्षेने गवई घडतो का, हा वाद तूर्त राहू द्या.)

आज निकड परीक्षेपेक्षा रदबदलीची आहे. शास्त्रीय कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला जीएसटीत सूट आहे; ध्वनियंत्रणेच्या भाड्याचे काय? एकट्या मंडळाचे हे गाऱ्हाणे दिल्लीपर्यंत पोचणार नाही. मंडळांनी सामायिक धर्मादाय न्यास नोंदवावा, तारखा आधी जुळवाव्यात, तानपुरे-तबले एकमेकांना द्यावेत. हुबळी-धारवाडसाठी १९६२ मध्ये एकच महापालिका झाली. न्यासाने महापालिकेकडे पहिला अर्ज सभागृहांच्या सवलतीच्या भाड्यासाठी करावा, तोही यंदाच्या अंदाजपत्रकाआधी.