मोजलेले मृत्यू, अंदाजलेले मृत्यू

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ रोजी कोविडच्या पहिल्या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज जाहीर केला. भारतासाठी तो सुमारे ४७ लाख होता. आपली २०२१ अखेरची अधिकृत नोंद होती ४ लाख ८१ हजार. जवळपास दहापटीच्या या तफावतीवरून जो वाद झाला, त्यात एका बाजूने सरकारवर लपवाछपवीचा ठपका ठेवला, तर दुसऱ्या बाजूने देशाच्या बदनामीचा आरोप केला. मुळातला प्रश्न मात्र पद्धतीचा होता. ज्यांची मोजणी झालीच नाही, त्या मृत्यूंबद्दल किती ठामपणे बोलावे?

सरकारचे आक्षेप उडवून लावण्याजोगे नव्हते. संघटनेने भारतासाठी १७ राज्यांची माहिती वापरली आणि त्यातली काही संकेतस्थळांवरून व वृत्तपत्रांतून घेतली होती. एखाद्या छोट्या देशाला लावलेले गणिती प्रारूप सव्वाशे कोटींहून अधिक वस्तीच्या देशाला लावणे कितपत रास्त, हा प्रश्नही वाजवी होता. शिवाय २०२० मध्ये देशात ८१.२ लाख मृत्यू नोंदले गेले. ही वाढ आदल्या वर्षापेक्षा ४.७ लाखांची होती. पण २०१८ ते २०१९ या काळात, साथ नसतानाही, नोंदी सुमारे ६.९ लाखांनी वाढल्या होत्या. नोंदणीच सुधारत असेल, तर वाढलेला प्रत्येक आकडा जास्तीचा मृत्यू ठरत नाही.

तथापि, २०२० हे वर्ष म्हणजे २०२१ नव्हे. दुसरी लाट एप्रिल-मे २०२१ मधली, आणि त्या वर्षीचे नोंदणीचे आकडे तेव्हा प्रसिद्धच झाले नव्हते. जिथे मोजणी उपलब्ध नाही, तिथे अंदाज करावाच लागतो. तो न करणे म्हणजे न मोजलेले मृत्यू शून्य धरणे, आणि तोही एक अंदाजच झाला, तोही सर्वांत चुकीचा. कोविडमृत्यू म्हणून नोंद व्हायला चाचणी लागते, डॉक्टरांचा दाखला लागतो. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ ते २३ टक्क्यांनाच कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र होते. चाचणीविना घरीच गेलेला माणूस या यादीत येणार कुठून?

अंदाजाची विद्या आपल्याला परकी नाही. सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये मांडलेले सूत्र पश्चिम बंगालमधील सिंगूर भागातल्या नोंदींवर तपासले गेले होते. समजा, एका गावात रजिस्टरमध्ये ८० मृत्यू सापडले, घरोघरच्या पाहणीत ७५, आणि दोन्हीकडे सारखे ६०. म्हणजे केवळ रजिस्टरमध्ये २०, केवळ पाहणीत १५. दोन्हीकडून सुटलेले किती? २० गुणिले १५, भागिले ६०, म्हणजे ५. एकूण १००. नमुना नोंदणी पद्धती, म्हणजे एसआरएस, हीदेखील अशाच दुहेरी नोंदीवर उभी आहे. तिथे न जुळलेल्या नोंदी मात्र पुन्हा घरी जाऊन पडताळल्या जातात.

पण या सूत्राची मर्यादाही त्याच उदाहरणात आहे. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे त्याने गृहीत धरले आहे. घरी जन्मून दुसऱ्याच दिवशी दगावलेले बाळ दोघांच्याही नजरेतून सुटते, आणि मग ५ हा आकडा कमी पडतो. उत्तराबरोबर दिलेला अनिश्चिततेचा पल्ला पद्धतीच्या आतली धाकधूक सांगतो. गृहीतकच चुकले, तर त्याची हमी तो देत नाही. भारतासाठी संघटनेचा पल्ला ३३ ते ६५ लाख होता. लॅन्सेटमध्ये आलेल्या दुसऱ्या अंदाजाचा पल्ला ३७ ते ४४ लाख. अरुंद पल्ला अधिक अचूक असतोच असे नाही. कधी तो केवळ अधिक धीट असतो. शिवाय दोन्ही अंदाजांच्या पल्ल्यांची टोके बातम्यांत क्वचितच आली. मधला आकडा तेवढा गाजला.

मोजणीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. मोजलेल्या मृत्यूला नाव असते. कोविडमृतांच्या कुटुंबांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली ५० हजार रुपयांची मदत अंदाजाला मिळाली नाही, मृत्यूच्या दाखल्यावर मिळाली. पण याच मदतीने अधिकृत यादीचे तोकडेपणही उघड केले. गुजरातमध्ये अधिकृत कोविडमृत्यू सुमारे १० हजार असताना, जानेवारी २०२२ पर्यंत मदतीसाठी ८९ हजारांहून अधिक अर्ज आले होते. काही अर्ज दुबार असतील, काही नाकारण्याजोगे. तरी तफावत लहान नव्हती.

२०२१ ची नोंदणी अखेर मे २०२५ मध्ये जाहीर झाली. नोंदलेले मृत्यू १ कोटी २ लाख, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाख जास्त. त्या वर्षाची अधिकृत कोविडमृत्यूसंख्या होती साधारण ३.३ लाख. सगळी वाढ कोविडची नव्हे. नोंदणीतली सुधारणा आणि वाढती लोकसंख्या वजा करावी लागते. उलटपक्षी, नोंदच न झालेले मृत्यू यात नाहीत. हे सारे धरून पाहता, संघटनेचा मधला आकडा चढा असू शकतो. अधिकृत आकडा मात्र फारच उणा होता, असे मानावे लागते.

म्हणून आमचा कल अंदाजाच्या बाजूने आहे, पण अटींसह. आकडा पल्ल्याशिवाय छापू नये, गृहीतके उघड असावीत आणि प्रत्यक्ष नोंद आली की अंदाजाने मागे सरावे. सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. नोंदीचे आकडे यायला तीन वर्षांहून अधिक लागत असतील, तर ती पोकळी बाहेरचे प्रारूप भरणारच, आणि मग त्यावर रुसण्यात अर्थ नाही. जिल्हावार मासिक मृत्यूनोंद दर तिमाहीला जाहीर केली, तर कुणाचाही अंदाज तपासता येईल, खोडताही येईल. अंदाजाला उत्तर नोंदीनेच देता येते, आणि ती नोंद सरकारपाशीच असते.