बस फाट्यापर्यंत, दुचाकी कुणाच्या भरवशावर?

चाकण : पाळी सुटायच्या वेळेला पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकीसुद्धा हलत नाही. तरी खेड, आंबेगाव तालुक्यांतले कामगार गाडीवरच एमआयडीसीत जातात. हौस म्हणून नाही.

हिशोब बघा. गाव ते कंपनी 25 किलोमीटर आणि गाडीचं अॅव्हरेज 50 धरलं, तर जाऊन-येऊन रोज एक लिटर. पेट्रोल शंभराच्या पुढे. महिन्याच्या 26 हजेऱ्यांना 2,600 रुपयांच्या वर नुसतं पेट्रोलच. टायर, ऑइल वेगळं. एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो. पण रात्री दहाला सुटणाऱ्याला आडगावची एसटी कुठून मिळणार? पहाटे धारा काढून सहाची पाळी गाठणाऱ्याचंही तेच.

कंपनीची बस आहे, पण बऱ्याच ठिकाणी कंत्राटी पोरांना तिच्यात जागा नसते. ज्यांना असते ते फाट्यापर्यंत दुचाकीवर येतात, हॉटेलच्या कडेला ती लावतात आणि बस धरतात. म्हणजे कंपनीतलं पार्किंग रिकामं, फाट्यावरचं फुल्ल! टाकीतलं पेट्रोल गेलं तर विचारायचं कुणाला? फाट्यावर एक शेड आणि एक दिवा, एवढं ग्रामपंचायतीला जड नाही.

एसटी प्रासंगिक करारावर गाड्या देते. चार लहान कंपन्यांनी मिळून पाळीच्या वेळेला तशी गाडी ठरवायला हरकत नाही. तोवर एका गाडीवर दोघं, हाच स्वस्त मार्ग. हेल्मेट मात्र दोघांनाही. अडचण एकच, एकाची पाळी बदलली की जोडी मोडते. एका गावच्या दोघांना एकच पाळी देणं सुपरवायझरच्या हातात आहे, त्याला खर्चही नाही.