रोजगार वाढला, पगाराचे काय?

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. दिलासा खरा, पण अपुरा. याच काळात स्वयंरोजगार करणाऱ्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा किंचित घटला. घरच्या दुकानात बिनपगारी राबणारी सूनही या मोजणीत रोजगारातच धरली जाते. नुसता रोजगार आणि नियमित, पुरेसा पगार यांतला फरक दिल्लीच्या परिसरात उघड दिसतो. मानेसरच्या वाहन कारखान्यांत कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी कामगार तेच काम कमी पैशांत करतो; नोएडा, गुरुग्रामच्या लेबर चौकांत गवंडी, रंगारी सकाळी रोजंदारीची वाट पाहत उभे असतात. बाजारातील मागणी टिकते ती दरमहा हाती येणाऱ्या पगारावर. म्हणून रोजगाराच्या आकड्याशेजारी महागाई वजा जाता उरणारे वेतनही सरकारने छापलेच पाहिजे.